आधी कीर्द, मग फॉर्म्युला

सोसायटीचा मेंटेनन्स, भिशीचे हप्ते, गणपतीची वर्गणी, बचत गटाची मासिक बचत, वर्गातल्या मुलांचे गुण, पतसंस्थेच्या सभेत ठेवायची थकबाकीची यादी. लाल कापडी बांधणीच्या वहीत राहणारा हा हिशेब बघता बघता एक्सेलमध्ये आणि गूगल शीटमध्ये जाऊन बसला. त्यात एमएस-सीआयटीचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींनाही एक्सेलचे पान ओळखीचे झाले. आता मोबाइलवर छोट्या व्हिडिओंचा पूर आहे: हा फॉर्म्युला शिका, तो शॉर्टकट शिका, साहेब थक्क होतील. एवढे शिकूनही महिनाअखेरीला आकडे जुळत नाहीत ही तक्रार संपलेली नाही. तिचे मूळ फॉर्म्युले येत नाहीत यात शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शीटमध्ये आपण हिशेब लिहायच्या ऐवजी हिशेबाचे चित्र काढत बसतो आणि मग त्या चित्राकडून उत्तरांची अपेक्षा करतो. सामान्य माणसाला एक्सेलची एकच युक्ती सांगायची झाली, तर मी कोणताही फॉर्म्युला सांगणार नाही. कीर्द लिहा, एवढेच सांगेन.

हिशेबासाठी मराठीला शब्द उसने घ्यावे लागलेले नाहीत. व्यवहार घडेल तसा, तारीखवार, एकेक नोंद करत लिहायचा ती कीर्द. त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या ती खतावणी. सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर मांडून दोन्ही बाजू जुळतात का हे पाहायचे ती तेरीज आणि शेवटी ताळेबंद. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे कागद आजही अभ्यासकांना वाचायला मिळतात. अकरावीच्या पुस्तपालनात मुले आजही 'खा. पा.' असा रकाना आखतात, म्हणजे ही नोंद खतावणीच्या कोणत्या पानावर गेली ते. या क्रमामागे पक्का विचार आहे. कीर्द लिहिणाऱ्याने काही ठरवायचे नसते, घडले ते नोंदवायचे असते. सारांश नंतर निघतो आणि त्यात शंका आली तर मागे कीर्दीपर्यंत जाता येते. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-टू संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट आणले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, ही त्याची जादू होती. लोटस १-२-३, एक्सेल, गूगल शीट्स, फुकट मिळणारे लिबरऑफिस कॅल्क ही सगळी त्याच घराण्यातली. म्हणजे खतावणी आणि तेरीज करण्याचे कंटाळवाणे काम यंत्राने आपल्या अंगावर घेतले. माणसाकडे कीर्द तेवढी उरली आणि नेमकी तीच आपण सोडून दिली.

एक नेहमीचे शीट जवळून पाहू. २४ सदनिकांची सोसायटी, मेंटेनन्स दरमहा १,५०० रुपये. डावीकडे सदनिका क्रमांक आणि नावे, वर जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने, मथळ्यावर सेल एकमेकांत जोडून सोसायटीचे नाव. दिसायला सुबक. आता मार्चची थकबाकी घेऊन एप्रिल उजाडतो. सात नंबरने रोख दिले, म्हणून चिटणिसाने सेलमध्ये '१५०० रोख' असे लिहिले. बारा नंबरने मार्च आणि एप्रिल एकदम भरले, म्हणून एप्रिलच्या सेलमध्ये ३००० आले आणि मार्चचा सेल कोराच राहिला. एकोणीस नंबरचा चेक परत आला, म्हणून त्याच्या १५०० वर पिवळा रंग लागला. बाकीच्या एकवीस जणांचे पैसे बिनतक्रार आले. खाली 'सम' लावला. एकवीस जणांचे ३१,५००, बाराचे ३,०००, एकोणीसचे १,५००. एकूण ३६,०००. चोवीस सदनिकांचे जेवढे यायला हवेत तेवढेच! कमिटी निश्चिंत. पण 'सम'ने सात नंबर मोजलेलाच नाही, कारण '१५०० रोख' हा त्याच्या लेखी आकडा नसून मजकूर आहे आणि मजकूर तो न कुरकुरता ओलांडून जातो. एकोणीसचे न मिळालेले पैसे त्याने मोजले, कारण पिवळा रंग त्याला वाचता येत नाही. वर्षअखेरीला आडवी बेरीज केली की वेळेवर रोख भरणारा सात नंबर थकबाकीदार ठरतो आणि चेक परत आलेला एकोणीस नंबर स्वच्छ. बारा नंबरची वर्षाची बेरीज जुळते, पण मार्च उशिरा भरल्याची खूण मागे राहत नाही, त्यामुळे व्याज कुणाला लावायचे हा प्रश्न आठवणीवर जातो. लाल रंगाचा इशारा नाही, एररचा शब्द नाही. नोटीस बोर्डावर एका प्रामाणिक माणसाचे नाव लागते आणि जिन्यात भांडण होते.

हाच महिना कीर्दीच्या रीतीने लिहून पाहा. रकाने सात: तारीख, सदनिका क्रमांक, कोणत्या महिन्यासाठी, रक्कम, भरण्याचा प्रकार, पावती क्रमांक, शेरा. एक नोंद एका ओळीत. सात नंबरची रक्कम १५००, 'रोख' हा शब्द प्रकाराच्या रकान्यात. बारा नंबरच्या दोन ओळी, एक मार्चची, एक एप्रिलची, पावती क्रमांक तोच. एकोणीसची एक ओळ १५०० ची आणि चेक परत आला त्या तारखेला दुसरी ओळ उणे १५०० ची, शेऱ्यात 'चेक परत'. जुनी ओळ खोडायची नाही. पक्का मुनीम कीर्दीत खाडाखोड करत नसे, उलट नोंद टाकत असे, त्यातले शहाणपण हेच. आता दुसऱ्या शीटवर 'सम-इफ्स' या फॉर्म्युल्याला विचारा, एप्रिलसाठी किती जमा? उत्तर ३४,५००. एकोणीस नंबरचे किती? शून्य. फॉर्म्युला नको असेल तर पिव्होट टेबल माउसने ओढून करता येते: सदनिका डावीकडे, महिने वर, रक्कम मध्ये. मघाचे सुबक चित्र तुम्हाला परत मिळते. फरक एवढाच की आता ते कीर्दीतून निघालेले असते आणि त्यातल्या एखाद्या आकड्यावर डबल क्लिक केले की एक्सेल त्यामागच्या मूळ ओळी काढून दाखवते. 'खा. पा.'चा रकाना जे काम करत होता, तेच हे.

कीर्द एकदा बसली की लागणाऱ्या युक्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. एक्सेलमध्ये यादीवर कंट्रोल-टी दाबून तिचे टेबल करा. मग नवी ओळ लिहिली की टेबलाच्या नावाने लिहिलेल्या बेरजेत ती आपोआप धरली जाते, आणि क्रमवारी लावताना नावे एकीकडे व रकमा दुसरीकडे असा अनर्थ होत नाही. व्याजाचा दर चोवीस फॉर्म्युल्यांत हाताने लिहू नका. एका सेलमध्ये लिहा आणि फॉर्म्युल्यात तो सेल एफ-४ दाबून डॉलर चिन्हाने बांधून टाका. दर बदलला तर एकाच जागी बदलावा लागेल. प्रकाराच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनची यादी जोडा, म्हणजे 'रोख', 'रोखीने' आणि 'कॅश' असे एकाच गोष्टीचे तीन अवतार होणार नाहीत. 'व्ही-लूकअप' वापरत असाल तर त्याच्या चौथ्या जागी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. ती जागा मोकळी सोडली तर तो जवळपासचे उत्तर शोधतो आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर भलत्याचीच रक्कम बेधडक आणून देतो. नव्या एक्सेलमधला 'एक्स-लूकअप' मुळातच तंतोतंत जुळणी पाहतो, तो उपलब्ध असेल तर तोच वापरावा.

तारखांबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण सगळ्यात जास्त निमूट चुका तिथे होतात. एक्सेलच्या पोटात तारीख हा साधा आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून मोजत १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. म्हणून दोन तारखांची वजाबाकी करून दिवस काढता येतात. पण संगणकाचे सेटिंग अमेरिकी असेल, आणि नव्या लॅपटॉपवर ते अनेकदा तसेच असते, तर तो महिना आधी वाचतो. तुम्ही ०५/०४/२०२४ लिहिता तेव्हा तुमच्या मनात ५ एप्रिल असतो, त्याच्या पोटात ४ मे जातो. १५/०४/२०२४ लिहिले तर पंधरावा महिना नसल्यामुळे तो तारीख म्हणून स्वीकारतच नाही, मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला ठेवतो. परिणाम असा की एप्रिलच्या १ ते १२ तारखांच्या नोंदी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या ४ तारखेला विखुरतात आणि १३ पासून पुढच्या तारखाच उरत नाहीत. एप्रिलचा फिल्टर लावला तर हाती लागते ती फक्त ४ एप्रिल. संगणकाच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ही अडचण फक्त आपल्या सोसायट्यांची नाही. मानवी जनुकांपैकी काहींची नावे 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असा घोटाळा आढळला. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. जगभरच्या शास्त्रज्ञांना जिथे माघार घ्यावी लागली, तिथे आपण 'दिसते आहे तेच आत असेल' असे धरून चालू नये. बँक खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य असेच गळून पडते, आणि पंधरा अंकांच्या पुढचे अंक शून्य होऊन जातात. ज्यांची बेरीज करायची नाही असे सगळे क्रमांक, खात्याचे, मोबाइलचे, आधारचे, लिहिण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करून घ्यावा.

मराठीत यादी करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते आणि तिच्याबद्दल कुणी शिकवत नाही. कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले नाव पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. अशी यादी अकारविल्हे लावायला गेलात तर क्रम भलताच लागतो, आणि युनिकोडमधल्या नव्या यादीशी ती कधीच जुळत नाही. युनिकोडमध्येही सगळे सुरळीत नाही. कऱ्हाड हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या रीतींनी टाइप होतो, एकीत नुक्त्याचा ऱ असतो, दुसरीत साधा र आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. यंत्रासाठी मात्र ती दोन वेगळी गावे. नावामागे राहिलेली एखादी मोकळी जागाही हेच करते. ती 'ट्रिम' काढून टाकतो, पण अर्ध्या र ला त्याच्याकडे औषध नाही. म्हणून जुळणी नावावर करूच नये, क्रमांकावर करावी. सदनिका क्रमांक, सभासद क्रमांक, हजेरी क्रमांक. नाव वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असावे. वहीतल्या खात्यांना पान क्रमांक होते ते उगीच नव्हे.

हा सगळा काटेकोरपणा लहान हिशेबाला कशाला, असे कुणी म्हणेल. मोठ्या हिशेबात काय होते ते आधी पाहू. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडले की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असते. खर्चकपातीच्या बाजूने या निबंधाचा दाखला अनेक देशांत दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांबरोबर ते शीट तपासले आणि आढळले की सरासरीच्या फॉर्म्युल्यात खालच्या पाच ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या. सगळ्या दुरुस्त्यांनंतर त्यांचा आकडा आला २.२ टक्के. हे खरे की त्यातला मोठा फरक काही वर्षे वगळल्यामुळे आणि सरासरी काढण्याच्या पद्धतीमुळे होता, निसटलेल्या ओळींचा वाटा लहान होता. पण शीट उघडून दाखवले गेले म्हणूनच बाकीचे प्रश्नही उभे राहिले. दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांचे कोविड अहवाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये भरले जात होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, नव्यात १०,४८,५७६ मावतात. जागा संपली, पुढच्या ओळी गळाल्या, आणि आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध त्यामुळे लांबला. सोसायटीतल्या सात नंबरचे १,५०० रुपये आणि हे रुग्ण एकाच रीतीने हरवले: यंत्राने आवाज केला नाही आणि माणसाने मोजदाद केली नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला असा, की यासाठी तयार सॉफ्टवेअर आहेत, टॅली आहे, सोसायट्यांची ॲप आहेत, मग शीटचा अट्टहास का? ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण टॅली काय करते ते पाहा. ते तुमच्याकडून फक्त व्हाउचर मागते, एकेक नोंद तारखेसकट, आणि खतावणी व ताळेबंद स्वतः तयार करते. वापरणाऱ्याला मधल्या आकड्यांना हात लावू देत नाही. म्हणजे जी शिस्त मी शीटमध्ये पाळायला सांगतो आहे, तीच तिथे सक्तीने पाळली जाते. शिवाय दहा महिलांच्या बचत गटाला किंवा वर्गशिक्षकाला वेगळे सॉफ्टवेअर घेण्याचे कारण नसते आणि त्यांचा हिशेब शीटमध्येच राहणार आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता फॉर्म्युला लिहून देते, आडवेतिडवे शीटही वाचते, मग शिकायचे कशाला? फॉर्म्युला पाठ करण्याची गरज तिने खरोखरच कमी केली आहे आणि ते स्वागतार्ह आहे. पण पिवळ्या रंगाचा अर्थ चेक परत आला की पावती द्यायची राहिली, हे चिटणिसाच्या डोक्यात आहे, शीटमध्ये नाही. तिथे यंत्र अंदाज करील, आणि अंदाजाने कुणाला थकबाकीदार ठरवणे हा अन्याय आहे. उलट कीर्द नीट असेल तर साध्या मराठीत प्रश्न विचारूनही बरोबर उत्तर मिळण्याची शक्यता खूप वाढते, आणि ते बरोबर आहे का हे तपासायला मूळ ओळी हाताशी असतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. वहीतली नोंद शाईची असते, पाने क्रमांकित असतात, खाडाखोड दिसते. शीटमधला आकडा कुणीही, कधीही, मागमूस न ठेवता बदलू शकतो. हे खरे आहे आणि 'डिजिटल' म्हणजे आपोआप पारदर्शक असे मानणाऱ्यांनी ते कान देऊन ऐकावे. यावर उपाय आहेत, पण ते जाणून वापरावे लागतात. गूगल शीटमध्ये व्हर्जन हिस्टरी असते, कोणी केव्हा काय बदलले ते तिथे पाहता येते. संपादनाचा अधिकार दोघांना, बाकीच्यांना फक्त पाहण्याचा. ज्या शीटमध्ये लोकांचे मोबाइल आणि आधार क्रमांक आहेत त्याची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर उघडी टाकू नये. आणि दर महिन्याची कीर्द छापून तिच्यावर चिटणीस व खजिनदार यांच्या सह्या घ्याव्यात. एवढे होत नसेल तर त्या संस्थेने खुशाल वही ठेवावी. चांगली वही गबाळ्या शीटपेक्षा केव्हाही बरी.

राहिला ताळा. शाळेत वजाबाकी करून झाली की ताळा करून पाहायला शिकवत असत, उत्तर आणि वजा केलेली संख्या यांची बेरीज मूळ संख्येइतकी येते का ते. शीटमधून ही सवय हद्दपार झाली, कारण यंत्र चुकत नाही अशी आपली समजूत आहे. यंत्र चुकत नाहीच, पण त्याला काय दिले हे ते विचारतही नाही. म्हणून प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात दोन-तीन सेल ताळ्यासाठी राखून ठेवावेत. सदनिकावार बेरीज आणि महिनावार बेरीज सारखी येते का? कीर्दीतली बँकेतली जमा पासबुकाशी जुळते का? कीर्दीत वेगवेगळे पावती क्रमांक जेवढे, पावत्या तेवढ्या फाटल्या का? आणि एक ताळा तर आज, या क्षणी करता येईल असा आहे. तुमच्याकडे असलेली कोणतीही यादी उघडा. रकमांच्या रकान्याखाली एका सेलमध्ये 'काउंट' लावा, शेजारच्या सेलमध्ये 'काउंट-ए'. पहिला फक्त आकडे मोजतो, दुसरा भरलेला प्रत्येक सेल मोजतो. मघाच्या सोसायटीत पहिला २३ सांगेल, दुसरा २४. तुमच्या यादीत हे दोन आकडे वेगळे आले, तर बेरजेच्या खाली सही करण्याआधी तो एक सेल शोधा.